वाचकांचे प्रश्न : हिरवा दिवा लागतो, पण तिजोरी उघडत नाही

कापसाचे चुकारे हातात येऊ लागले की घरच्या तिजोऱ्या वर्षातून पहिल्यांदा रोजच्या वापरात येतात, आणि नेमके तेव्हाच त्यांचे सेल दगा देतात. आकडे दाबून उघडणाऱ्या घरगुती तिजोरीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : भिंतीत बसवलेली छोटी तिजोरी आहे. परवा कोड दाबला तर हिरवा दिवा लागला, आतून बारीकसा ‘टक्’ आवाज आला, पण नॉब फिरेना. आत कापसाचे पैसे आणि खरेदीखत आहे. वेल्डिंगवाला म्हणतो दार कापावे लागेल. काय करावे?
– एक शेतकरी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : दार कापू देऊ नका. दिवा हिरवा लागतो म्हणजे कुलपाने कोड ओळखला आहे. कमी पडतो आहे तो सेलचा जोर.

दिवा आणि बटणे यांना अगदी थोडा करंट पुरतो. कोड जुळल्यावर मात्र आतल्या सोलेनॉइडला, म्हणजे विद्युतचुंबकाला, एक छोटी कांडी मागे ओढावी लागते. ती सरकली तरच नॉब फिरतो. त्या क्षणापुरता करंट एकदम शेकडो मिलिअँपिअरवर जातो. थकलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे एवढी ओढ लागली की चार सेलचे 6 व्होल्ट खाली कोसळतात आणि कांडी अर्धवट हलून परत जागेवर पडते. तुम्हाला ऐकू येतो तो ‘टक्’ हाच. असा सेल घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये अजून चार-सहा महिने चालेल. म्हणूनच ‘सेल तर चांगले आहेत’ असे घरोघरी सांगितले जाते आणि सगळा संशय कुलपावर जातो.

आधी बिनखर्चाचा उपाय. आत फायली कोंबलेल्या असतील तर त्या दाराला आतून रेटतात, बोल्ट, म्हणजे दारातून चौकटीत शिरणारे दांडे, आवळून बसतात आणि अर्धमेल्या सेलला ते ओझे पेलत नाही. पाच-दहा मिनिटे काही दाबू नका. विश्रांतीनंतर सेल थोडा सावरतो. मग एकाने गुडघ्याने किंवा तळहाताने दार आत रेटून धरावे आणि दुसऱ्याने कोड दाबून हिरवा दिवा लागताच नॉब फिरवावा. बहुतेक छोट्या तिजोऱ्या त्यासाठी 5 सेकंदांच्या आसपास वेळ देतात. दोनदा करून पाहा. त्यापुढे करत राहिलात तर उरलेले सेलही संपतील.

नाही जमले तर आपत्कालीन चाबी. तिचे छिद्र झाकलेले असते: कीपॅड आणि नॉब यांच्या मधे गोल प्लास्टिकची टोपी असते, किंवा कंपनीच्या नावाची पट्टी. चाकूच्या टोकाने ती हळूच उचला. चाबी पूर्ण आत घालून फिरवा आणि फिरवलेलीच धरून ठेवत नॉब फिरवा. चाबी सोडून मग नॉब फिरवायला गेलात तर उघडणार नाही, आणि ‘चाबीही लागत नाही’ अशी तक्रार बहुतेक इथूनच सुरू होते.

काही तिजोऱ्यांसोबत चार पेन्सिल सेल बसणारी एक छोटी डबी आणि तिला पिनची वायर येते. भिंतीत बसवायच्या बोल्टांच्या पुडीत ती असते आणि पुडीबरोबर अडगळीत जाते. ती सापडली तर नवे सेल भरून पिन दारावरच्या छिद्रात लावा आणि नेहमीचा कोड दाबा. नव्या काही तिजोऱ्यांत त्याच कामासाठी यूएसबीचे छिद्र असते. तिथे मोबाइलची पॉवर बँक चालते. डबी हरवली म्हणून दुसरी कुठली पिन लावू नका, कारण पिनच्या आत अधिक आणि बाहेर वजा, की उलट, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते.

दार उघडले की काम संपेपर्यंत ते बंद करायचे नाही. सेलचे झाकण दाराच्या आतल्या बाजूला असते, सरकवायचे किंवा एका स्क्रूचे. चारही जुने सेल काढा. पट्ट्या आणि स्प्रिंगा कोरड्या कापडाने पुसा. एकाच पुडीतले चार नवे सेल अधिक-वजा खुणा पाहून बसवा. वजा बाजू स्प्रिंगकडे. बिजागरीच्या बाजूला एक लाल किंवा काळे बटण दिसेल, ते कोड बदलण्याचे असते. झाकण शोधताना ते चुकून दाबले गेले आणि पाठोपाठ कुणी आकडे दाबले, तर तोच नवा कोड होऊन बसतो.

आता उघड्या दारातच नॉब फिरवून बोल्ट बाहेर काढा, कोड दाबा, बोल्ट आत घ्या. असे तीनदा निर्वेध झाले की मग दार लावा. बोल्ट बाहेर असताना दार आपटू नका, चौकट वाकते. आणि फायली दारापासून चार बोटे मागे सरकवा.

प्रश्न : आमची तिजोरी मोठी, जड आहे. तिच्यावर गोल कीपॅड आहे. चाबीचे छिद्र कुठेच नाही आणि सेलचे झाकणही दिसत नाही. हल्ली उघडताना लागोपाठ ‘पी-पी-पी’ वाजते.
– वाचक, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ती ‘पी-पी’ म्हणजे सेल बदलण्याची सूचना आहे. तिजोरी अजून उघडते आहे तोवर, याच आठवड्यात बदला.

तुमच्याकडे नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आहे आणि तो दाराच्या आत नाही, बाहेरच्या कीपॅडमध्येच आहे. म्हणूनच चाबीची सोय नाही: सेल मेला तरी बाहेरून बदलता येतो. कीपॅडच्या खालच्या कडेला नखाने चाचपा. खाच किंवा दाबायची जीभ लागली तर ते झाकण खाली उघडते. लागली नाही तर खालची कड स्वतःकडे ओढून पाहा. काही कीपॅड असेच पाठीमागच्या कड्यावरून सुटतात. बारीक स्क्रू दिसत असतील तर ते काढा. जोराने पिळू मात्र नका. कीपॅडमधून एक पातळ वायर दाराच्या भोकातून आतल्या कुलपापर्यंत जाते, ती तुटली किंवा परत बसवताना कडेखाली चेपली तर नवा सेलही उपयोगाचा नाही.

जुना सेल काढताना वायर धरून ओढू नका. दोन बटणांचा कनेक्टर अंगठ्याने धरून एका बाजूने उचला. सेल बदलल्यावर बंद पडलेल्या कीपॅडमध्ये अनेकदा हीच वायर कनेक्टरच्या मुळाशी तुटलेली निघते. सेल निघाला की कुठलेही एक बटण 10-15 सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला चार्ज निघून जातो आणि अडकलेला कीपॅड ताळ्यावर येतो. मग नवा सेल लावा. कनेक्टर ‘कट’ आवाज करून घट्ट बसला पाहिजे. सैल वाटला तर त्याची फाकलेली पाकळी चिमट्याने किंचित आत दाबा.

एक वेगळा प्रकारही आहे. कीपॅडच्या खालच्या कडेवर नुसते दोन धातूचे ठिपके असतील, तर रोजचे सेल दाराच्या आत आहेत आणि ते ठिपके अडचणीच्या वेळेसाठी. नवा नऊ व्होल्टचा सेल खुणा जुळवून त्या ठिपक्यांवर दाबून धरायचा आणि धरलेलाच ठेवून कोड दाबायचा, हँडल फिरवायचे. एकट्याने करायला गेलात तर सेल मधेच हलतो. दोघांनी करा.

प्रश्न : सेल काढला तर कोड पुसला जाईल काय?
– गृहिणी, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : नाही. कोड ज्या चिपमध्ये असतो तिला तो टिकवायला वीज लागत नाही. सेल काढून महिना गेला तरी जुनाच कोड चालतो. गोल कीपॅडच्या चांगल्या कुलपांत तर कोड कीपॅडमध्ये नसतोच, दाराच्या आतल्या कुलपात असतो. कीपॅड खराब झाला आणि त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा लावला तरी जुन्या कोडनेच उघडते. तरीही उघड्या दारातली चाचणी चुकवू नका.

प्रश्न : गावातल्या दुकानातून सेल आणले, दोन महिन्यांत संपले. पुन्हा आणले, तेच. तिजोरीत काही बिघाड आहे का?
– शिक्षक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : बहुधा नाही, सेलच चुकीच्या जातीचे आहेत. किराणा दुकानात मिळणारे स्वस्त सेल झिंक-कार्बनचे असतात. पुडीवर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले असते, पण ते घड्याळ-रिमोटच्या कामाचे. तिजोरीला अल्कलाइन सेल लागतात. ओळखायची खूण सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेली असते: पेन्सिल सेलवर ‘एलआर 6’ असेल तर अल्कलाइन, नुसते ‘आर 6’ असेल तर झिंक-कार्बन. नऊ व्होल्टच्या सेलवर ‘6 एलआर 61’ म्हणजे अल्कलाइन, ‘6 एफ 22’ म्हणजे झिंक-कार्बन. लक्षात ठेवायचे ते एवढेच की अंगावर ‘एल’ हवा. अल्कलाइन पेन्सिल सेलची साठवण साधारण 2000 मिलिअँपिअर-तासांच्या पुढे असते, झिंक-कार्बनची त्याच्या निम्म्याहून कमी. आणि सोलेनॉइडची ती क्षणभराची ओढ झिंक-कार्बनला सोसतच नाही. ब्रँड कुठलाही घ्या, जात बघा. तारीखही बघा: आपल्याकडे पत्र्याच्या दुकानात मे महिन्याची 45 अंशांची उष्णता खाऊन बसलेला सेल पुडीतच उतरू लागलेला असतो. तालुक्याला गेल्यावर, जिथे माल हलतो अशा विजेच्या सामानाच्या दुकानातून आणा.

चार्ज होणारे सेल घालावेत का, असेही तुम्ही विचारले आहे. घालू नका. ते प्रत्येकी 1.2 व्होल्टचे, म्हणजे चार मिळून 4.8; कुलूप पहिल्या दिवसापासून ‘सेल कमी’ म्हणून लाल दिवा दाखवू शकते. त्याहून मोठा धोका पेन्सिल सेलच्याच मापाच्या 3.7 व्होल्टच्या लिथियम-आयन सेलचा आहे. काही टॉर्चमध्ये ते येतात आणि जागेवर बरोबर बसतात. चार घातले की जवळपास 15 व्होल्ट होतात आणि कुलपाचे सर्किट जळते. जुने-नवे किंवा दोन जातींचे सेलही एकत्र नकोत. कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्या रिकाम्या सेलमधूनही करंट ढकलत राहतात. गळती बहुतेक अशाच जोडीत होते.

घरात मल्टिमीटर असेल तर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. पेन्सिल सेल नुसता मोजल्यावर 1.3 च्या खाली किंवा चौकोनी सेल 8 च्या खाली दिसला तर बदला. वर दिसला म्हणून चांगलाच असे मात्र नाही. चौकोनी सेलचा कनेक्टर लावलेला असताना कोड दाबून मोजा. कुलूप आतली कांडी ओढताना काटा किंवा आकडा किती खाली जातो ते खरे माप.

प्रश्न : सेलच्या जागेत पांढरी भुकटी साचली आहे. एक स्प्रिंग हिरवी पडली आहे.
– वाचक, मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : सेल गळला आहे. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते, तो तीव्र अल्कली आहे. बोटांची आग होते आणि डोळ्यात गेले तर इजा होते. हातमोजे घाला, भुकटी फुंकू नका. सेल काढून भुकटी कोरड्या ब्रशने कागदावर घ्या. मग कानकोरण्याच्या कापसाच्या काडीला पांढरा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस अगदी थोडा लावून स्प्रिंग आणि पट्ट्या पुसा. फसफसले तर बरोबर चालले आहे. नंतर पाण्याने ओलसर केलेली काडी, शेवटी स्पिरिटची. तासभर कोरडे होऊ द्या. हिरवा थर राहिला तर शाळेच्या खोडरबराने किंवा बारीक पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. झिंक-कार्बन सेल गळला असेल तर उलट, तो आम्लधर्मी असतो. तिथे खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरा. रॉकेल, खोबरेल तेल, गंजावर फवारायचे स्प्रे यांतले काहीही नको. तेलावर धूळ बसते आणि पावसाळ्यात तिचाच चिखल होतो.

स्प्रिंग हात लावताच तुटली तर सेलची डबी बदलून घ्या. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा दोन वायरींचे डाग देऊन ती बसवू शकतो.

प्रश्न : रात्री-बेरात्री सेल संपला तर मोटारसायकलच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून दोन वायरी लावल्या तर चालेल?
– तरुण वाचक, ता. तिरोडा, जि. गोंदिया

उत्तर : नाही. ती बॅटरी 12 व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण चार्ज झालेली साडेबाराच्या पुढे असते आणि चार्जिंग चालू असताना 14 च्याही पुढे जाते. कुलूप 6 किंवा 9 व्होल्टचे. वायर उलटी लागली तर खेळ तिथेच संपला. पहाटेपर्यंत थांबा.

प्रश्न : आपत्कालीन चाबी तिजोरीतच राहिली आहे आणि सेल संपला आहे.
– वाचक, काटोल, जि. नागपूर

उत्तर : आधी पहिल्या उत्तरातले डबीचे किंवा यूएसबीचे छिद्र शोधा, नॉबजवळच्या रबरी टोपीखाली किंवा कीपॅडच्या खालच्या कडेला ते असते. नसेल तर कंपनीच्या सेवा केंद्राला कळवा. खरेदीची पावती आणि तिजोरीचा अनुक्रमांक हाताशी ठेवा. तो दाराच्या आतल्या पट्टीवर असला तरी पुष्कळदा पावतीवर किंवा वॉरंटी कार्डावरही लिहिलेला असतो. तुमच्या नावाची पावती आणि ओळखपत्र न मागणारा तंत्रज्ञ आला तर त्यालाच परत पाठवा. जाणकार माणूस मॉडेल पाहून ठरावीक ठिकाणी एक बारीक छिद्र पाडतो, आणि तिजोरी नंतर दुरुस्त होऊन वापरता येते.

गॅस कटर मात्र लावू देऊ नका. त्याची ज्योत 3000 अंशांच्या आसपास असते, आणि घरगुती तिजोरीचा पत्रा उष्णता तशीच आत सोडतो. दार उघडेपर्यंत आतले कागद करपलेले असतील. करपून ठिसूळ झालेल्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळत नाहीत, त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जावे लागते. आपल्यासाठी ते नागपुरात. खरेदीखताची नक्कल निबंधक कार्यालयातून मिळते, पण इसारपावती जळाली तर तिची नक्कल कुठून आणणार?

उघडल्यावर दोनपैकी एक चाबी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे ठेवा. तिजोरीवरच्या फोटोमागे, धान्याच्या कोठीत किंवा देवघरात ठेवू नका. चोर पहिल्यांदा तिथेच पाहतो.

प्रश्न : घाईत चुकीचा कोड तीन-चारदा दाबला गेला. आता बरोबर कोडही घेत नाही. सेल काढून परत लावला, तरी तेच.
– वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : हा सेलचा दोष नाही, कुलपाने शिक्षा दिली आहे. लागोपाठ चुका झाल्या की बऱ्याच कुलपांत पाच मिनिटांपर्यंत कीपॅड बंद राहतो. काहींत या काळात बटण दाबले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सेल काढल्यानेही वेळ कमी होत नाही. घड्याळ लावून वीस मिनिटे हातच लावू नका, मग एकेक आकडा सावकाश, प्रत्येक ‘पी’ ऐकून दाबा. एखाद्या आकड्याला ‘पी’ येत नसेल तर ते बटण गेले आहे.

प्रश्न : सेल वर्षातून केव्हा बदलावेत?
– गृहिणी, ता. बाळापूर, जि. अकोला

उत्तर : अल्कलाइन असतील तर वर्षातून एकदा, लाल दिव्याची वाट न पाहता. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बदलणे सोयीचे: पावसाळ्याची दमट हवा सरलेली असते, कापसाचा पैसा यायचा असतो आणि तिजोरी तशीही पुसायची असते. सेलच्या अंगावर पेनने तारीख लिहा. हळद-कुंकू दाराच्या वरच्या कोपऱ्यात वाहा, कीपॅडवर नको. कुंकवाची पूड बटणांच्या फटीत जाऊन आतल्या रबराखाली बसते, आणि हळदीच्या बोटांनी कोड दाबला तर नेमकी चार बटणे पिवळी दिसतात.

काढलेले सेल चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका, फुटतात. चौकोनी सेलची दोन्ही टोके जवळजवळ असतात. खिशात चिल्लर किंवा चाब्यांबरोबर राहिला तर तो तापून कापड जाळू शकतो. टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवा आणि तालुक्याला जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. राखीव म्हणून आणलेली नवी पुडी तिजोरीच्या बाहेर ठेवायची असते.